चार तारांचा हेडक्लार्क

ऑर्केस्ट्रा पाहायला आलेला माणूस कोणाकडे पाहतो, याचं एक ठरलेलं वेळापत्रक आहे. आधी गायिकेकडे. मग गायकाकडे. मग लीड गिटारवाल्याकडे, कारण तो तोंड वेडंवाकडं करतो. मग ड्रमवाल्याकडे, कारण तो आवाज करतो. मग निवेदकाकडे, कारण तो थांबत नाही. त्यानंतर चहा कुठून येतोय त्या दिशेकडे. आणि एवढं सगळं उरकून वेळ शिल्लक राहिलाच, तर मागच्या बाजूला विंगेला टेकून एक गृहस्थ लांबलचक दांडीची गिटार गळ्यात अडकवून, बायकोच्या मावसबहिणीच्या लग्नात फोटोसाठी उभं राहावं तसा उभा असतो, त्याच्याकडे. हा बास गिटारवाला. तो नक्की काय वाजवतो हे प्रेक्षकांना ठाऊक नसतं. पुष्कळदा गायकालाही ठाऊक नसतं. आणि शिकायला लागून सहा महिने झाले, की ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

हा सहा महिन्यांचा मुक्काम मोठा चमत्कारिक. गिटार गळ्यात कशी अडकवायची ते कळलेलं असतं. तारा सुरात लावता येत असतात. तीन-चार गाण्यांचे सुरुवातीचे तुकडे बोटांत बसलेले असतात आणि घरातल्या माणसांच्या डोक्यात. आता पुढं काय? इंटरनेटवर विचारावं, तर तिथं एकेक पोरगा अंगठ्यानं तारांवर असे काही फटके मारत असतो की धोब्यानं शर्ट खाली ठेवून त्याला नमस्कार करावा. ते पाहून नवशिक्याला वाटतं, बस्, आता हेच शिकायचं. माझं म्हणणं एवढंच, की हे शिकायचं नाही. निदान इतक्यात नाही.

हे सांगायचा माझा अधिकार काय? तर मी साठी ओलांडल्यावर या वाद्याच्या नादी लागलो आणि गेली तीन वर्षं टिकून आहे. निवृत्तीनंतर माणसं गीतेचे अध्याय पाठ करतात, सकाळी बागेत जाऊन मोठमोठ्यानं हसतात, किंवा सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. मी बास गिटार आणली. आमच्या सौभाग्यवतींनी ती नीट निरखून पाहिली, तारा मोजल्या आणि म्हणाल्या, "अहो, चारच? त्याच पैशांत सहावाली नव्हती का मिळत?"

आता हे समजावून सांगणं कठीण. साध्या गिटारीची तार साडेपंचवीस इंचांच्या आसपास, हिची चौतीस. हिच्या तारा जाड, स्वर खर्जातले. १९५१ साली लिओ फेंडर नावाच्या अमेरिकन गृहस्थानं 'प्रिसिजन बास' बाजारात आणला. त्याआधी बास म्हणजे माणसाच्या उंचीचा, उभा धरून वाजवायचा डबल बास. त्याला पडदे नसत, त्यामुळे बोट केसभर सरकलं की सूर सरकला. फेंडरनं सतारीला असतात तसे पडदे लावले आणि स्वर चोख लागू लागला. म्हणून नाव 'प्रिसिजन'. थोडक्यात, ज्यात चूक राहू नये म्हणून मुद्दाम बनवलेलं वाद्य. छत्तीस वर्षं हिशेबतपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला यापेक्षा सोयरीक जुळणारं दुसरं वाद्य नाही.

आमचे सर मूळचे गोव्याचे. उमेदीच्या काळात त्यांनी मुंबईच्या लग्नांतून, हॉटेलांतून आणि ऑर्केस्ट्रांतून पुष्कळ वाजवलं. त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा "सर, पुढं काय करू?" असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पात्रांव, एकच स्वर वाजवा."

"कुठला?"

"खंयचोय. कुठलाही. पण वेळेवर."

नवशिक्या वादकानं पुढं काय करायचं, याचं उत्तर एवढंच आहे. बाकीचा लेख म्हणजे त्या वाक्याचा पगारपत्रकासारखा तपशील.

पहिली बाब लयीची. मोबाईलवर फुकट मेट्रोनोम मिळतो. तो मिनिटाला ६० ठोक्यांवर लावायचा आणि मोकळी तार प्रत्येक ठोक्यावर, तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून, छेडायची. हे फार सोपं वाटतं. म्हणूनच कोणी करत नाही. बोटं अशी असतात, की सोपं काम दिलं की ती सरकारी नोकरासारखी एक तर लवकर निघतात किंवा उशिरा येतात. ठोका आणि तार इतकी एकत्र पडली पाहिजेत, की मेट्रोनोम बंद पडला की काय असं वाटावं. ते जमलं की टिकटिक ३० वर आणायची, वाजवायचं मात्र ६० च्याच लयीत, आणि ऐकू येणारा ठोका ही चारांतली दुसरी आणि चौथी मात्रा आहे असं धरायचं. पहिली मात्रा आता कोणी सांगणार नाही. ती तुमची तुम्ही सांभाळायची. तबलजी लोकांना यात नवल वाटणार नाही. सम कुठं आहे हे कोणी ओरडून सांगेल या आशेवर ठेका धरणारा माणूस तबल्याजवळ नव्हे, टाळ्या वाजवायला पुढच्या रांगेत बसलेला असतो.

या बाबतीत माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचे माझ्यावर उपकार आहेत. खर्जाचा स्वभाव असा, की तो भिंतींना जुमानत नाही. सनई दार लावलं की दबते, बास दार लावलं की जिना उतरून खाली जातो. माझी 'ए'ची मोकळी तार सेकंदाला ५५ वेळा थरथरते, आणि त्याच सुमारास काकूंच्या मांडणीवरची फुलपात्री थरथरू लागतात. त्यांनी एकदा वर येऊन दार वाजवलं तेव्हा मी माफीचं वाक्य जुळवूनच दार उघडलं. काकू म्हणाल्या, "तुम्ही काय वाजवता ते मला काही कळत नाही हो. पण पावसाळ्यात भांडी नुसती वाजत होती, आता लयीत वाजतात. माझा हरिपाठ त्यावर छान बसतो." मला आजवर मिळालेलं संगीतातलं हे एकमेव प्रशस्तिपत्र. शिवाय त्यात एक शहाणपण आहे. सामान्य ऐकणाऱ्याला स्वर चुकला की बरोबर होता हे उशिरा कळतं, ठोका हलला की लगेच कळतं. त्याच्या कानाला नाही कळलं, तर पायाला कळतं.

दुसरी बाब गप्प बसण्याची. आपल्याकडे तानपुऱ्यानं सवय लावली आहे की तार छेडावी आणि ती झंकारत राहावी. इथं झंकार म्हणजे बेशिस्त. जी तार वाजवायची ती सोडून बाकीच्या तीन तारा आपल्या आपण कुजबुजत असतात. कचेरीत साहेब एकाशी बोलत असताना बाकीचे करतात तसंच. त्यांना गप्प करायचं काम दोन्ही हातांचं. उजव्या हाताचा अंगठा वरच्या जाड तारांवर हलकेच टेकलेला, डाव्या हाताची रिकामी बोटं उरलेल्या तारांवर निवांत पडलेली. याचा रियाज असा : एक स्वर चार मात्रा भरून वाजवायचा. मग तोच स्वर दोन मात्रांवर तोडायचा. मग एका मात्रेवर. स्वर तोच, पण प्रत्येक वेळी गाणं निराळं चालायला लागतं. स्वर कुठं सुरू करावा हे सहा महिन्यांत येतं. कुठं संपवावा याला जास्त दिवस लागतात. भाषणं करणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते उभ्या जन्मात जमत नाही.

तिसरी बाब डाव्या हाताची. दांडीच्या टोकाला पहिला पडदा जवळजवळ दोन इंच रुंद. चार बोटांना चार पडदे वाटून द्यायची शिस्त वरच्या भागात, जिथं पडदे अरुंद होत जातात, तिथं उत्तम. खाली मात्र जुन्या डबल बासवाल्यांची रीत बरी : तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, अनामिकेनं करंगळीला नुसता आधार द्यायचा, घरातल्या थोरल्या जावेनं द्यावा तसा. बोट पडद्याच्या डोक्यावर नाही, अगदी मागे टेकवायचं, म्हणजे फार दाबावं लागत नाही. मनगट सरळ ठेवायचं. बोटांची टोकं हुळहुळली तर ती तालीम. मनगट दुखलं तर तो निरोप. निरोप आला की वाद्य खाली ठेवायचं. साठीत तरी ठेवायचंच, आणि विशीतल्या मुलांनीही ठेवलेलं बरं, कारण मनगटाला वय दिसत नाही.

चौथी बाब स्वरांची, आणि इथं मराठी माणसाचं पारडं जड आहे. कारण आपण सा-रे-ग-म घेऊन येतो. बासच्या तारा ई, ए, डी, जी. हे इंग्रजी सोडा. कुठलीही तार 'सा' धरा. तिच्या शेजारची, म्हणजे तिच्याहून बारीक असलेली तार तिचा 'म' असते. चारही तारांचं एकमेकींशी हेच नातं. त्यामुळे 'प' हवा असेल तर शेजारच्या तारेवर दोन पडदे पुढं. वरचा 'सा' हवा असेल तर दोन तारा ओलांडून दोन पडदे पुढं. एकदा हा नकाशा बोटांत बसला की दांडीवर कुठंही जा, घरं तीच. चाळीत एका खोलीत राहिलेल्या माणसाला दुसऱ्या खोलीतलं स्वयंपाकघर शोधावं लागत नाही, तसं.

आणि सा-प-सा म्हणजे काय? तानपुराच. जगभरातले बासवाले ज्याला 'रूट-फिफ्थ-ऑक्टेव्ह' म्हणून पहिला धडा मानतात, तो आपल्याकडे गवयाच्या मागे बसलेला शिष्य मैफलभर छेडत असतो. फरक इतकाच, की आपला 'सा' ठाम बसलेला, त्यांचा 'सा' दर चार मात्रांनी बिऱ्हाड बदलतो. बेन ई. किंगचं १९६१ चं 'स्टँड बाय मी' घ्या. ते बासनंच सुरू होतं आणि त्याची बिऱ्हाडं क्रमानं सा, ध, म, प आणि परत सा. एवढ्या चार मुक्कामांवर जगातली शेकडो गाणी उभी आहेत. आधी नुसता प्रत्येक मुक्कामाचा मूळ स्वर वाजवा. मग त्याला त्याचा पंचम जोडा. मग मधला स्वर : 'सा'च्या मुक्कामी सा-ग-प, 'ध'च्या मुक्कामी ध-सा-ग. मग पुढच्या मुक्कामाला जाताना अलीकडच्या किंवा पलीकडच्या पडद्यावरून अलगद सरकत जा. पाहुण्याच्या घरी एकदम थडकू नये, आधी बाहेर खाकरावं.

या चौथ्या बाबीतच या वाद्याची खरी सत्ता लपलेली आहे. समजा गिटारवाला सा-ग-प वाजवतोय. प्रसन्न, उजळ, लग्नघरासारखं. आता तुम्ही खाली 'सा'ऐवजी 'ध' धरलात. गिटारवाल्यानं काही बदललेलं नाही, गायकानं काही बदललेलं नाही, पण त्या लग्नघरात मुलगी सासरी निघाल्यासारखं वाटायला लागतं. फाईल साहेबांचीच, मजकूरही साहेबांचाच. पण खाली हेडक्लार्कनं एका ओळीचा शेरा मारला, की अर्थ फिरतो. छत्तीस वर्षं मी हेच करत होतो. फक्त तिथं टाळ्या पडत नव्हत्या. इथंही पडत नाहीत म्हणा.

पाचवी बाब कानाची. गाणी लिहून घेतलेल्या कागदावरून वाजवण्याआधी ऐकून शोधायची. पण मोबाईलच्या भोंग्यातून नाही. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची. तो स्वर त्या चिमुकल्या भोंग्यातून जवळजवळ बाहेरच पडत नाही. वरच्या उपस्वरांवरून आपला कान मनानंच खालच्या स्वराचा अंदाज बांधतो. तेव्हा कानाला चांगले हेडफोन लावा आणि रोज एक गाणं असं ऐका, की त्यात गायक नाहीच. राहुल देव बर्मन यांची सत्तरच्या दशकातली गाणी मी अशी नव्यानं ऐकली. त्यांच्या ताफ्यात बास गिटार वाजवणारे टोनी वाझ होते. ही गाणी मी तरुणपणी पानाच्या दुकानाशी उभा राहून हजारदा ऐकली असतील, पण त्या नावाशी माझी गाठ साठी उलटल्यावर पडली. तबकडीच्या लेबलावर साथीच्या वादकांची नावं छापायची पद्धतच नव्हती.

हे आपल्याकडेच, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत बास जेम्स जेमरसननं वाजवला. उजव्या हाताच्या एका तर्जनीनं; आलटून पालटून बोटांचा माझा वरचा उपदेश त्यानं ऐकलेला नव्हता. त्याचं नाव मोटाउनच्या एखाद्या मोठ्या अल्बमवर छापून यायला १९७१ चा 'व्हॉट्स गोइंग ऑन' उजाडावा लागला. तो १९८३ साली गेला, आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली २००० साली. पेन्शनची प्रकरणं सगळीकडे सारखीच.

या वाद्याकडे कोणी हौसेनं येतं असंही नाही. बीटल्सचा बासवाला स्टुअर्ट सटक्लिफ १९६१ मध्ये बाजूला झाला आणि बाकी कोणाला ते गळ्यात घ्यायचं नव्हतं, म्हणून पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडलं. त्यानं तेव्हा घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बास १९७२ मध्ये चोरीला गेला आणि एक्कावन्न वर्षांनी परत मिळाला. २०२४ मध्ये ती बातमी जाहीर झाली. कॅरल के या बाई मुळात गिटारवाल्या. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बासवाला आलाच नाही, म्हणून त्यांच्या हाती बास दिला. पुढं त्यांनी हजारोंच्या घरात रेकॉर्डिंगं केली. आणि ते अंगठ्याचे फटके? ते लॅरी ग्रॅहॅमचे. तो आईच्या बँडमध्ये वाजवत असे, ड्रमवाला सोडून गेला, तेव्हा ड्रमची उणीव भरून काढायला त्यानं अंगठ्यानं ठोके द्यायला सुरुवात केली. म्हणजे फटके ही मिरवायची गोष्ट नव्हती. गैरहजर माणसाचं काम अंगावर घेणं होतं. तुमच्याकडे ड्रमवाला हजर असेल, तर त्याचं काम त्याला करू द्या.

सहावी आणि शेवटची बाब : माणसांत वाजवा. खोलीत एकट्यानं कितीही वाजवलं तरी ते गादीवर पोहायला शिकण्यासारखं. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात 'विविध गुणदर्शन' असतं. आमचा एक ताफा जमला. दातांचे डॉक्टर लीड गिटारवर, बी विंगमधली एक सून कीबोर्डवर, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा ड्रमवर आणि बँकेतून निवृत्त झालेले एक मॅनेजर गायला. सरांनी मला एकच सांगितलं होतं : "गायकाकडे बघू नका. पोराच्या उजव्या पायाकडे बघा." ड्रमवाल्याच्या उजव्या पायाखाली मोठा ड्रम असतो, तो आणि बास एकदम पडले की दोघांचं मिळून एकच वाद्य होतं. डग्गा आणि तबला दोन दिसतात, पण कोणी दोन ऐकत नाही. दीड महिना मी त्या मुलाच्या पायाकडे इतकं पाहिलं, की त्याची आई मला म्हणाली, "काका, त्याला चपला नव्या घ्यायच्यात, माहीत आहे मला."

कार्यक्रमाच्या दिवशी तिसरं गाणं रंगात आलं होतं. पुढच्या मोकळ्या जागेत पोरंटोरं नाचत होती. एवढ्यात आरतीचं सामान हलवणाऱ्या एका कार्यकर्त्याचा पाय वायरीत अडकला आणि माझ्या ॲम्प्लिफायरचा प्लग निघाला. गिटार चालू, कीबोर्ड चालू, ड्रम चालू, मॅनेजरसाहेबांचा आवाज तर चालूच चालू. फक्त मी नाही. पण पोरं नाचायची थांबली. काय गेलं ते कोणाला कळेना, पण काहीतरी गेलं हे सगळ्यांना कळलं. पंख्याकडे कोणी बघत नाही, वीज गेली की सगळे वर बघतात, तसं. मॅनेजरसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा मान मागे वळवून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पाहिलं. ड्रमवाल्या पोराचा चेहरा तर आई बाजारात हरवल्यासारखा झालेला. त्या कार्यकर्त्यानं गडबडीनं प्लग परत खोचला, मी त्या पोराच्या पायाबरोबर 'सा'वर उतरलो, आणि पोरं परत नाचायला लागली. मधे फार तर दहा सेकंद गेली असतील.

निवृत्त झाल्यावर आपल्यावाचून कचेरीचं कसं चाललंय हे पाहायला पुष्कळ लोक जातात. मी गेलो नाही. ती उत्तम चालली असणार अशी मला दाट शंका होती, आणि शंकेचं खात्रीत रूपांतर करून घ्यायचं ते वय नव्हे. पण त्या दहा सेकंदांनी माझं काम झालं. छत्तीस वर्षांत कोणी प्लग काढून दाखवला नव्हता, एवढंच.

असो. नवशिक्यांसाठी रोजचा अर्ध्या तासाचा आराखडा असा : पाच मिनिटं तारा सुरात लावून मोकळ्या तारेवर ठोका. दहा मिनिटं सा-ध-म-पची बिऱ्हाडं, मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. दहा मिनिटं एक गाणं कानानं शोधणं. शेवटची पाच मिनिटं मोबाईलवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून ऐकणं. हे कडू आहे, पण कडुलिंबही आपण वर्षातून एकदा चैत्रात खातोच, हा रोज खायचा. महिन्याभरानं पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग परत काढून ऐका, म्हणजे पगारवाढ झाली की नाही ते कुणाला विचारावं लागणार नाही. आठवड्यातून एकदा जमेल त्या माणसाबरोबर वाजवा. ड्रमवाला नसेल तर ढोलकीवाला चालेल, ढोलकीवाला नसेल तर भजनातला टाळकरी चालेल. आणि फटके पुढच्या वर्षी.

एवढं लिहून होईतो साडेसहा झाले. खालून काकूंचा आवाज आला, "अहो, हरिपाठाला बसलेय मी. आज सुट्टी आहे का?"